विश्लेषण : गोळ्या आहेत, पण पाठपुरावा करणारे हात गेले! अमेरिकी मदत आटल्यानंतर आफ्रिकेतील एचआयव्ही आणि प्रजनन आरोग्य सेवा टिकणार कशा?

अमेरिकेने २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदतीला ९० दिवसांची स्थगिती दिली आणि जगातील सर्वात मोठ्या एचआयव्हीविरोधी कार्यक्रमाचा पैसा एका सहीने अडकला. पुढे ही स्थगिती अंशतः उठली. काही कार्यक्रम वाचले, तर अनेक कायमचे बंद झाले. औषधांचा साठा संपेल आणि लाखो रुग्णांचे उपचार थांबतील, ही सुरुवातीची सर्वात मोठी भीती होती. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशात औषधे संपली नाहीत. तरीही चाचण्या घटल्या, दवाखाने बंद झाले आणि हजारो कर्मचारी घरी बसले. औषध असूनही सेवा का कोलमडते, गर्भनिरोधकांचा प्रश्न त्याहून बिकट का झाला, आणि भारताला यात काय शिकवण आहे, याविषयी…

नेमके काय घडले?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा सूत्रे हाती घेतल्याच्या दिवशीच परदेशी मदत स्थगितीचा आदेश काढला. चार दिवसांनी, २४ जानेवारीला परराष्ट्र खात्याने सुरू असलेली कामेही थांबवण्याचे आदेश दिले. आधीच मंजूर झालेला पैसा, गोदामात पोहोचलेला माल, नेमलेले कर्मचारी असे सारे एकाच वेळी अडकले. जीवरक्षक सेवांना सूट देण्याची घोषणा लगेचच झाली. १ फेब्रुवारीच्या सुधारित सूचनेत एचआयव्हीची चाचणी, उपचार आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणे यांना परवानगी मिळाली. प्रतिबंधक औषध, म्हणजे ‘प्रेप’, मात्र फक्त गरोदर आणि स्तनदा मातांपुरते ठेवले गेले. कुटुंबनियोजन तर या सवलतीतून स्पष्टपणे वगळण्यात आले.

कागदावर सूट मिळाली, तरी पैसे देणारी यंत्रणाच मोडकळीस आली होती. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ‘यूएसएआयडी’चे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे जाहीर केले. सुमारे ६,२०० करारांपैकी ५,२०० संपवण्यात आले. १ जुलै २०२५ रोजी ही संस्थाच परराष्ट्र खात्यात विलीन झाली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रामार्फत, म्हणजे ‘सीडीसी’मार्फत चालणारी काही कामे मात्र सुरू राहिली. त्यामुळे एकाच देशात एका जिल्ह्यातील दवाखाना चालू आणि शेजारच्या जिल्ह्यातील बंद, असे चित्र अनेक ठिकाणी दिसले.

हात आखडणारी अमेरिका एकटी नव्हती. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्येच परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांनीही कपात केली. म्हणजे एक दाता गेला, तर दुसऱ्याच्या दारात जावे, हा नेहमीचा मार्गही अरुंद झाला.

‘पेपफार’वर जग किती अवलंबून होते?

‘पेपफार’ हा अमेरिकी अध्यक्षांचा एड्स निवारण आपत्कालीन कार्यक्रम. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी जानेवारी २००३ मध्ये त्याची घोषणा केली, तेव्हा पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची तरतूद होती. तेव्हापासून या कार्यक्रमावर ११० अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला आणि अडीच कोटी जीव वाचले, असे अमेरिकी सरकारच सांगत आले आहे. कपातीच्या आधी २ कोटींहून अधिक लोकांचे उपचार या कार्यक्रमाच्या मदतीने सुरू होते.

संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएनएड्स’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांपैकी ३ कोटी १६ लाख लोक उपचार घेत होते. त्या वर्षी १३ लाख नवे संसर्ग आणि ६ लाख ३० हजार मृत्यू झाले. २०१० च्या तुलनेत नवे संसर्ग ४० टक्क्यांनी कमी झाले होते. ‘पेपफार’चा आधार गेला आणि त्याची जागा कोणी घेतली नाही, तर २०२९ पर्यंत ६० लाख जादा संसर्ग आणि ४० लाख जादा मृत्यू होऊ शकतात, असा इशारा या संस्थेने दिला. हा अंदाज आधार पूर्णपणे गेला तर काय होईल, याचा आहे. ‘पेपफार’ पूर्ण बंद झालेला नाही. जुलै २०२५ मध्ये त्यातून ४० कोटी डॉलर कापण्याचा प्रस्तावही अमेरिकी सिनेटने वगळला. खरा प्रश्न पैसा कोणत्या कामासाठी उरला आणि कोणत्या कामासाठी नाही, हा आहे.

दक्षिण आफ्रिकेत औषधे सरकारचीच होती, मग अडचण कुठे आली?

जगात सर्वाधिक एचआयव्हीबाधित दक्षिण आफ्रिकेत आहेत. ही संख्या सुमारे ८० लाख आहे. इतर अनेक आफ्रिकी देशांच्या तुलनेत या देशाची स्थिती भक्कम मानली जाते. एचआयव्ही कार्यक्रमाचा जवळपास तीन चतुर्थांश खर्च तिथले सरकार स्वतः करते आणि विषाणूरोधक औषधे स्वतः खरेदी करते. ‘पेपफार’चा वाटा सुमारे १७ टक्केच होता.

पण हे १७ टक्के कशावर खर्च होत होते, ते पाहिले की अडचण कळते. देशातील ५२ पैकी २७ जिल्ह्यांत, म्हणजे जिथे रुग्ण सर्वाधिक तिथे, १५ हजारांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार या पैशातून होत. त्यात परिचारिका होत्या, समुपदेशक होते, चाचणी करणारे होते, रुग्णांची नोंद संगणकावर करणारे डेटा एंट्री ऑपरेटर होते आणि गोळ्या न्यायला न आलेल्या रुग्णाला फोन करणारे, त्याच्या घरी जाणारे कार्यकर्ते होते. त्यांपैकी ८ हजारांहून अधिक जणांच्या नोकऱ्या गेल्या. देहविक्रय करणाऱ्या महिला, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी आणि अमली पदार्थ टोचून घेणारे यांच्यासाठीचे १२ विशेष दवाखाने बंद झाले. तिथल्या ६३ हजारांहून अधिक रुग्णांना सरकारी दवाखान्यांत पाठवावे लागले.

परिणाम काही आठवड्यांतच आकड्यांत उमटला. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारी प्रयोगशाळांकडील नोंदींत काही गटांच्या व्हायरल लोड चाचण्या २१ टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसले. गरोदर महिला, अर्भके आणि तरुण यांना सर्वाधिक झळ बसली. एचआयव्हीची लागण माहीत असूनही उपचारात नसलेल्या ११ लाख लोकांना वर्षअखेरपर्यंत उपचारात आणण्याची मोहीम सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस सुरू केली. ज्यांनी हे लोक शोधायचे, त्यांनाच त्या सुमारास कामावरून कमी करण्याच्या नोटिसा मिळत होत्या.

कपाटात गोळ्या असणे पुरेसे का नाही?

एचआयव्हीचा उपचार म्हणजे रोज एक गोळी, तीही आयुष्यभर. गोळी नियमित घेतली, तर रक्तातील विषाणू इतके कमी होतात की चाचणीत ते सापडत नाहीत. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध ठरतो. पण गोळी थांबली, की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतात. घेणे-थांबणे असे वारंवार झाले, तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होण्याचा धोका असतो.

त्यामुळे ही सेवा साखळीसारखी चालते. चाचणी, निदान, उपचाराची सुरुवात, दरमहा किंवा दर तिमाहीला गोळ्या, वर्षातून किमान एकदा व्हायरल लोड चाचणी आणि खंड पडला की पाठपुरावा. यातील गोळी हा खर्चाच्या दृष्टीने आता सर्वात स्वस्त दुवा झाला आहे. सध्याच्या मुख्य तीन औषधांच्या एकत्रित गोळीचा खर्च ‘ग्लोबल फंडा’च्या घाऊक खरेदीत २०२३ मध्येच वर्षाला माणशी ४५ डॉलरच्या खाली आला. उरलेले दुवे माणसांच्या कामाचे आहेत. आपल्याकडे आशा सेविकेने घरी जाऊन विचारपूस केली नाही, तर लसीकरणाचे काय होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक अडचण लगेच दिसत नाही. नोंदी ठेवणारा माणूस गेला, की किती रुग्ण गळाले हेही कळत नाही. आरोग्य खात्याच्या तक्त्यात उपचार सुरू असलेल्यांचा जुना आकडा तसाच राहतो आणि नुकसान कळते ते दोन-तीन वर्षांनी, रुग्ण गंभीर अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्यावर. दक्षिण आफ्रिकेतील व्हायरल लोड चाचण्यांची घट दिसली, कारण तिथे प्रयोगशाळांची राष्ट्रीय यंत्रणा सरकारची आहे. जिथे नोंदींची यंत्रणाच दात्याच्या पैशावर होती, तिथे ही घट मोजणारेही उरत नाही.

प्रतिबंध आणि गर्भनिरोधकांना सर्वाधिक फटका का?

उपचार थांबला तर माणूस मरतो, हे सरळ दिसते. त्यामुळे सूट देताना उपचाराला प्राधान्य मिळाले. प्रतिबंधाचा लाभ दिसत नाही, कारण न झालेला संसर्ग कोणत्याही यादीत येत नाही. डिसेंबर २०२५ च्या जागतिक एड्स दिनानिमित्त ‘यूएनएड्स’ने दिलेल्या माहितीनुसार ‘प्रेप’ औषध मिळणाऱ्यांची संख्या बुरुंडीत ६४ टक्के, युगांडात ३८ टक्के आणि व्हिएतनाममध्ये २१ टक्क्यांनी घटली. नायजेरियात कंडोम वाटप ५५ टक्क्यांनी कमी झाले. २०२४ मध्ये जगात १५ ते २४ वयोगटातील सुमारे ५७० मुलींना आणि तरुणींना रोज एचआयव्हीची लागण होत होती आणि त्यांपैकी बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या होत्या. नेमक्या याच गटासाठी असलेले अनेक कार्यक्रम बंद झाले.

प्रजनन आरोग्याची अवस्था याहून बिकट आहे. कुटुंबनियोजनाला देणगी देणाऱ्या सरकारांत अमेरिका सर्वात मोठी होती. तिच्या पैशातून दरवर्षी ४ कोटी ७६ लाख महिला आणि जोडप्यांपर्यंत गर्भनिरोधक सेवा पोहोचत होती. हा पैसा पूर्ण थांबला तर वर्षाला १ कोटी ७१ लाख अनपेक्षित गर्भधारणा आणि ३४ हजार टाळता येण्याजोगे मातामृत्यू होतील, असा ‘गटमाखर’ या संशोधन संस्थेचा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचे ४८ अमेरिकी अनुदान करारही फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाले. त्यांची एकूण रक्कम सुमारे ३७ कोटी ७० लाख डॉलर होती.

बेल्जियममधील गील येथील गोदामाची कथा या धोरणाचे टोक दाखवते. तिथे अमेरिकेने आधीच पैसे मोजून घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शने, इम्प्लांट आणि तांबी यांचा ९७ लाख डॉलरचा साठा पडून होता. त्यातील मोठा भाग आफ्रिकी देशांसाठी होता. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीसह काही संस्थांनी तो विकत घेण्याची, वाहतुकीचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. तरीही जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने तो नष्ट करण्याचा निर्णय घेतला. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात वापरण्याजोग्या वस्तू जाळायला बंदी असल्याने साठा अडकून पडला. पैसा वाचवण्याचा मुद्दा इथे लागू पडत नव्हता. निर्णय राजकीय होता.

ग्रामीण आफ्रिकेत एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन या दोन सेवा बहुधा एकाच दवाखान्यात, अनेकदा एकाच परिचारिकेकडे असतात. गर्भनिरोधक इंजेक्शनसाठी आलेल्या तरुणीची एचआयव्ही चाचणीही तिथेच होते. त्यामुळे एक सेवा थांबली, की दुसरीचे गिऱ्हाईकही तुटते. शिवाय एचआयव्ही रुग्णांसाठी निदान रुग्णांच्या संघटना, जागतिक निधी, न्यायालये उभी राहतात. गर्भनिरोधकांचा पुरवठा थांबल्यावर रस्त्यावर उतरणारा असा संघटित गट बहुतेक देशांत नाही.

अमेरिकेचा युक्तिवाद काय?

कपातीमागे केवळ राजकारण आहे, असे म्हणून विषय संपत नाही. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या जागतिक आरोग्य धोरणात स्वतःच्याच खर्चाचा हिशेब मांडला आहे. त्यानुसार आरोग्य मदतीतील सुमारे ४० टक्केच रक्कम थेट औषधे-साहित्य (२५ टक्के) आणि प्रत्यक्ष सेवा देणारे कर्मचारी (१५ टक्के) यांवर जात होती. उरलेली तांत्रिक साहाय्य, व्यवस्थापन आणि वरखर्चात. समांतर यंत्रणा उभ्या राहिल्या, देश परावलंबी झाले, हा त्या धोरणाचा आरोप आहे. आफ्रिकेतील अनेक आरोग्यमंत्री आणि अभ्यासकही वर्षानुवर्षे हेच म्हणत आले आहेत. झांबियात दान केलेली औषधे चोरून विकली जात असल्याचे आढळल्यावर मे २०२५ मध्ये अमेरिकेने ५ कोटी डॉलरची मदत कापली, हेही त्याच तक्रारीचे उदाहरण.

नव्या धोरणात प्रत्येक देशाशी स्वतंत्र करार करायचा, औषधे आणि आघाडीचे कर्मचारी यांचा खर्च सुरुवातीला पूर्ण उचलायचा आणि काही वर्षांत तो त्या त्या सरकारकडे सोपवायचा, अशी योजना आहे. पहिला करार ४ डिसेंबर २०२५ रोजी केनियाशी झाला. पाच वर्षांत अमेरिका १.६ अब्ज डॉलरपर्यंत देणार आणि केनिया स्वतःचा आरोग्य खर्च ८५ कोटी डॉलरने वाढवणार. पण आठवडाभरातच केनियाच्या उच्च न्यायालयाने नागरिकांची आरोग्यविषयक माहिती अमेरिकेला देण्याच्या तरतुदीला स्थगिती दिली. म्हणजे सेवा सरकारकडे सोपवण्याची कल्पना बरोबर असली, तरी तिच्या अटी वादग्रस्त आहेत. आणि एक महत्त्वाची गोष्ट राहतेच. हे धोरण कपात झाल्यानंतर आठ महिन्यांनी आले. क्रम उलटा असता, तर दक्षिण आफ्रिकेतील १२ दवाखान्यांचे रुग्ण नीट वर्ग करायला वेळ मिळाला असता.

आफ्रिकी देशांनी स्वतः किती पैसे उभे केले?

काहींनी तत्परता दाखवली. नायजेरियाच्या संसदेने २०२५ च्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी २० कोटी डॉलर वाढवले आणि मंत्रिमंडळाने दीड लाख उपचार संच खरेदीसाठी ४.८ अब्ज नायरा मंजूर केले. घानाने आरोग्य विमा उपकराचा पैसा इतरत्र वळवण्याची मुभा देणारी मर्यादा काढून टाकली. ‘यूएनएड्स’च्या जुलै २०२५ च्या अहवालानुसार माहिती देणाऱ्या ६० देशांपैकी २५ देशांनी पुढील वर्षी एचआयव्हीवरील स्वतःची तरतूद वाढवण्याचे संकेत दिले.

पण खड्डा मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अर्थ खात्याने जुलै २०२५ मध्ये सुमारे ७५ कोटी रँड दिले. ‘पेपफार’कडून वर्षाला जवळपास ८ अब्ज रँड येत होते. म्हणजे भरपाई जेमतेम दहाव्या हिश्शाची. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने ३१ मार्च २०२६ पर्यंतचा ‘सेतू’ म्हणून ११ कोटी ५० लाख डॉलर मंजूर केल्याने थोडी उसंत मिळाली. तिकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्ग येथे ‘ग्लोबल फंडा’च्या निधी परिषदेत १८ अब्ज डॉलरचे लक्ष्य असताना ११.३४ अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. अमेरिकेचा वाटा आधीच्या ६ अब्जांवरून ४.६ अब्जांवर आला.

आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये अबुजा येथे अर्थसंकल्पाच्या १५ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करण्याचे ठरवले होते. बहुतेक देश आजही तिथे पोहोचलेले नाहीत. त्याचे एक कारण प्राधान्यक्रमाचे आहे, तर दुसरे कर्जाचे. जगातील ३४० कोटी लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्य किंवा शिक्षणापेक्षा कर्जाच्या व्याजावर अधिक खर्च करते, असे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेची आकडेवारी सांगते. जे थोडे पैसे उभे राहतात, ते आधी औषध खरेदीकडे जातात. औषध खरेदी एका निविदेत होते. कर्मचाऱ्याला सरकारी पटावर घेणे म्हणजे दरवर्षीचा पगार, निवृत्तिवेतन आणि इतर खात्यांशी बरोबरी. परदेशी पैशातून मिळणारा पगार अनेकदा सरकारी पगाराहून अधिक असे, हीही अडचण.

भारताचा अनुभव काय सांगतो?

परदेशी पैशावर उभा राहिलेला कार्यक्रम सरकारने ताब्यात घेतल्याचे एक मोठे उदाहरण भारतातच आहे. गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये सुरू केलेला ‘आवाहन’ प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत देहविक्रय करणाऱ्या महिला, समलिंगी पुरुष आणि महामार्गांवरील ट्रकचालक यांच्यात काम करत होता. तो सरकारकडे सोपवण्याचे वेळापत्रक आधी ठरले. २००९ मध्ये सुमारे १० टक्के, २०११ मध्ये २० टक्के आणि २०१२ मध्ये उरलेले ७० टक्के काम वर्ग झाले. त्याआधी पगार आणि खर्चाचे दर सरकारी निकषांच्या जवळ आणले गेले, कर्मचाऱ्यांना सरकारी नोंदपद्धती शिकवली गेली. तरीही कंडोम आणि औषधांच्या पुरवठ्यात मधूनमधून खंड पडला, कामातील लवचीकता कमी झाली. पण सेवा मोडली नाही.

आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा (२०२१ ते २०२६) १५,४७१.९४ कोटी रुपयांचा असून तो केंद्र सरकारच्या पैशातून चालतो. देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत, तरी अमेरिकी कपातीने त्यांचे उपचार थांबले नाहीत. एआरटी केंद्रे सरकारी आहेत आणि वस्त्यांमधील प्रतिबंधाचे काम सरकारी पैशातून स्वयंसेवी संस्था करतात. म्हणजे माणूस सरकारी नोकर नाही, पण त्याचा पगार सरकारी तरतुदीतून येतो. आफ्रिकेत आज ज्या दुव्याची टंचाई आहे, त्याला भारताने अशी वाट काढली. या मानधनाच्या रकमा तुटपुंज्या असतात आणि अनुदान वेळेवर येत नाही, अशा तक्रारी आहेतच.

आणि जिथे असे वेळापत्रक नव्हते, तिथे भारतातही तेच घडले. तृतीयपंथीयांसाठी अमेरिकी मदतीतून सुरू झालेली ‘मित्र’ क्लिनिक हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे होती. २०२५ च्या सुरुवातीला ती बंद झाली. हैदराबादचे केंद्र पुढे टाटा ट्रस्ट्सच्या आधाराने वेगळ्या नावाने पुन्हा सुरू झाले. देणगीच्या अटींचा प्रश्नही महाराष्ट्राला नवा नाही. वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची शपथ लिहून देण्याच्या अटीमुळे सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने २००५ मध्येच अमेरिकी पैसा नाकारला होता.

नवे इंजेक्शन चित्र बदलेल का?

औषधाच्या आघाडीवर बातमी चांगली आहे, आणि तिच्यात भारतीय कंपन्यांचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत त्याची किंमत १० हजार डॉलरहून अधिक होती. आता तसेच काहीसे ‘लेनाकापाविर’ या इंजेक्शनबाबत घडत आहे. वर्षातून दोनदा घ्यायच्या या प्रतिबंधक इंजेक्शनला अमेरिकेत जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेत त्याची वार्षिक किंमत २८ हजार डॉलरहून अधिक आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या २०२७ पासून ते १२० देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, देणार आहेत. उत्पादनाचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिले डोस एस्वातिनी आणि झांबियात पोहोचले. अमेरिका आणि ‘ग्लोबल फंड’ मिळून तीन वर्षांत २० लाख लोकांपर्यंत ते नेणार आहेत. अमेरिकेचा भर गरोदर आणि स्तनदा मातांवर आहे. दक्षिण आफ्रिकेला अमेरिकी वाट्यातील डोस नाहीत, ते ‘ग्लोबल फंडा’तून मिळणार आहेत. रोजच्या गोळीपेक्षा सहा महिन्यांचे इंजेक्शन पाठपुराव्याचे ओझे नक्कीच कमी करील. पण इंजेक्शन देण्याआधी चाचणी लागते, धोका असलेली व्यक्ती शोधावी लागते आणि सहा महिन्यांनी तिला पुन्हा बोलवावे लागते. ते काम करणारेच २०२५ मध्ये कमी झाले आहेत.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे?

येत्या काळात तीन गोष्टींवरून सेवा टिकतात की नाही, हे ठरेल. पहिली, नव्या द्विपक्षीय करारांत औषधांबरोबर समुपदेशक, पाठपुरावा कार्यकर्ते आणि नोंद ठेवणारे यांच्या पदांसाठी वर्षनिहाय तरतूद आहे का. दुसरी, दक्षिण आफ्रिकेची ३१ मार्च २०२६ ची मुदत संपल्यावर तिथले अर्थ खाते किती पदे कायमस्वरूपी पटावर घेते. तिसरी, गर्भनिरोधकांची खरेदी कोणत्या देशाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली येते. आज अनेक देशांत असे शीर्षच नाही, कारण माल आजवर फुकट येत होता.

मदत कायम राहावी, असे आता कोणीच गृहीत धरत नाही. मदत देणारे देशही नाहीत आणि घेणारेही नाहीत. वाद आहे तो किती वेळात आणि कोणत्या क्रमाने ती संपवायची याचा. ‘आवाहन’ला सेवा सोपवण्यासाठी काही वर्षे मिळाली होती. आफ्रिकेतील दवाखान्यांना काही दिवस मिळाले. गोळी स्वस्त करण्याचा प्रश्न उद्योगांनी आणि संशोधकांनी बराचसा सोडवला आहे. ती नेणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, हे आता त्या त्या देशाच्या अर्थमंत्र्याला ठरवायचे आहे.